तेजनकर सरांनी मांडलेला घट

दुपारचा चहा झाला की तेजनकर सर कुंपणाच्या भिंतीशी यायचे आणि आज कोण मेलं ते मला सांगायचे. पहिल्या दिवशी मी चांगलीच फसले. वाळत घालायला घेतलेली चादर हातात तशीच धरून मी विचारलं, "अरे देवा! कशानं गेले?"

"जहरानं," सर म्हणाले. "सख्ख्या भावानं देलं. जेवणातून."

मी पोलीस आले का म्हणून विचारलं, तर वर्गातल्या ढ मुलीकडे पाहावं तसे ते माझ्याकडे पाहत राहिले. "तेराव्या शतकात कायचे पोलीस, बाई? देवगिरीचा राजा गेला. आता त्याचा भाऊ गादीवर बसून राह्यला." ती ओली चादर मी त्यांच्या डोक्यावर टाकली नाही, हा माझा मोठेपणा.

सर इतिहास शिकवायचे आणि मी मराठी. बुलढाण्यातल्या एकाच शाळेत आमची उभी नोकरी गेली. घरंही शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. वर्गात सर असं छापील मराठी बोलत की पुण्याच्या माणसानं मान डोलवावी, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की त्यांचं वऱ्हाडी सुरू. त्यांचं एक वाक्य त्यांच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असेल: "इतिहासात जर-तरला जागा नसते. झाले ते झाले." अमुक राजा जर जिंकला असता तर, असं कुणी उत्तरपत्रिकेत लिहिलं की सर त्यावर तांबडी रेघ मारायचे आणि पोराला उभं करून विचारायचे, "तू होतास का तिथे?"

शकुन-अपशकुनांचा तर त्यांना मनस्वी राग. लोणारच्या सरोवराचं पाणी एका उन्हाळ्यात गुलाबी झालं, तेव्हा लोक काठावर जाऊन नारळ फोडायला लागले. सर म्हणाले, "मीठ वाढलं, शेवाळ वाढलं. हात कायले जोडता?" आमच्या जिल्ह्यात अक्षय तृतीयेला, म्हणजे अखजीला, घट मांडतात. शेतात गोलाकार धान्याचे दाणे मांडायचे, मधल्या खड्ड्यात पाण्याची घागर ठेवायची, आणि तिथेच पानाचा विडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे जाऊन पाहायचं. दाणा हलला तर ते पीक बिघडणार. विडा म्हणजे राजा. विडा हलला तर गादी हलणार. सरांचे वडील ते भाकीत ऐकायला दर वर्षी बैलगाडी जुंपून जायचे. सर मात्र म्हणायचे, "मुंगीनं दाणा हालवला, न हे म्हणते राज्य गेलं. धन्य हाय!"

अशा माणसाच्या घरात तो खेळ शिरला टाळेबंदीत. धाकटा मुलगा निखिल पुण्याहून आला तो आपला भलामोठा कॉम्प्युटर गाडीत घालूनच. थोरला गजानन सुलतानपूरला शेती पाहतो. तो भाजीची गाडी घेऊन बुलढाण्याला यायचा आणि मुक्काम ठोकायचा. दोघे भाऊ चाळिशीला टेकलेले, पण जेवायला बसत एकाच ताटात. गजानन दोघांसाठी भाकर कुस्करायचा आणि निखिल त्यावर पिठलं ओतायचा. सुमनताई, म्हणजे त्यांची आई, ओरडायच्या, "अबे, घोडे झाले ना आता! येगळं ताट घ्या ना!" हा आरडाओरडा मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा, आणि जग बंद पडलेलं असताना त्या एका घरात काहीतरी शाबूत आहे असं वाटायचं.

निखिलने बापाला खेळ शिकवला, आणि पुण्याला परत जाताना कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. मध्ययुगातल्या राजघराण्यांचा तो खेळ. त्यात तुम्ही देश नसता, घराणं असता. राजा होऊन लढायचं, लग्नं लावायची, कारस्थानं करायची. राजा मेला की त्याचा वारस म्हणजे तुम्ही. सुरुवात खऱ्या इतिहासासारखीच असते, खरी राज्यं आणि खऱ्या सीमा. पण एकदा सुरू केलं की प्रत्येक राजा आपापल्या स्वभावानं वागायला लागतो, आणि थोड्याच पिढ्यांत जग ओळखू येत नाही.

काय काय नाही झालं त्या जगात! देवगिरी पडलीच नाही. उलट साथीच्या रोगाला भिऊन यादवांनी राजधानी रोहिणखेडला हलवली, आणि मोताळ्याच्या रस्त्यावर चीनचे वकील नजराणे घेऊन ताटकळत उभे राहिले. यादवांची एक नात कुस्तुंतुनियाच्या बादशहाला दिली, तिचा मुलगा तिथल्या गादीवर बसला, आणि सर मला म्हणाले, "बाई, कुस्तुंतुनियात मराठी राजभाषा झाली. तुमाले नोकरी पक्की." इंग्लंडात कुणी गुजरातेतला जैन राजा झाला. "लंडनात कांदा बंद!" मंगोलांच्या खानाला म्हातारपणी वैराग्य आलं, त्यानं घोडा सोडला आणि पायी हिंडायला लागला. सरदार बिचारे त्याच्या मागे पायी हिंडून कंटाळले आणि आपापल्या घरी गेले. हे सांगताना सरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, इतके ते हसत. मीही हसायचे. एकदा मी त्यांना त्यांच्याच सुरात विचारलं, "सर, तुम्ही होतात का तिथे?"

"हाव," ते म्हणाले. "आता तिथंच राह्यतो मी." आणि चहाचा पेला भिंतीवर विसरून आत गेले.

पुढे बातम्यांचा रंग बदलला. राजा मेला की मुलांत राज्याची वाटणी, असा त्या खेळातला कायदा. वाटणी झाली की भाऊ भावाच्या जिवावर उठायचा. सरांनी नाना घराणी घेऊन पाहिली. कधी काश्मिरात बसले, कधी मिसरात. कुठेही बसा, शेवट तोच. कुणाला पलंगावर गळा दाबून मारलेलं, कुणाला मेजवानीत विष घातलेलं. "नकाशा बदलते, बाई," सर म्हणाले. "धर्म बदलते, राजधानी बदलते. भाऊ नाही बदलत." या वेळी ते हसले नाहीत.

हे दुखणं काही त्या खेळातून आलेलं नव्हतं. सरांच्या वडिलांनी सुलतानपूरच्या शेताची वाटणी आपल्या हयातीत केली होती. दोन हिश्श्यांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बोरीचं झाड होतं. ते कुणाचं, एवढ्यावरून सर आणि त्यांचा थोरला भाऊ बोलेनासे झाले ते कायमचे. भाऊ गेल्याचं सरांना एसटीच्या कंडक्टरने शाळेत येऊन सांगितलं. सरांनी चालू तास पुरा केला आणि मग गावाकडे निघाले. मी शेजारच्या वर्गात होते. त्यांचा आवाज जराही हलला नव्हता, आणि त्याचीच मला धास्ती वाटली होती. बोर तर केव्हाच वठून गेली होती.

अशात निखिलने वाटणीचा विषय काढला. भांडण नव्हतं, घाई नव्हती. "बाबा, तुमच्यासमोर करून टाका, म्हंजे पुढं झंझट नाही," एवढंच तो म्हणाला. गजानननेही मान डोलावली. "निख्या म्हणते ते बरोबर हाय, बाबा. मोजणी करून घेऊ. त्याले विहिरीकडचं द्या, मले चालते." भावाला विहिरीकडचा तुकडा आपण होऊन देणारा भाऊ! दुसऱ्या कुठल्या बापानं त्याच दिवशी पेढे वाटले असते. सर म्हणाले, "पाहू. अखजी होऊ द्या."

त्या अखजीला त्यांनी काय केलं ते मला सुमनताईंकडून कळलं. संध्याकाळी त्यांनी आंघोळ केली आणि कॉम्प्युटरपुढे उदबत्ती लावली. त्या खेळात आपल्याला हवा तो सरदारही निर्माण करता येतो. सरांनी लोणारच्या गढीत एक छोटा ठाणेदार बसवला, त्याला स्वतःचं नाव दिलं, माधवराव तेजनकर. त्याला दोन मुलगे दिले, गजानन आणि निखिल. थोरल्याला स्वभाव दिला कष्टाळू आणि हट्टी, धाकट्याला हुशार आणि महत्त्वाकांक्षी. ठाणेदाराच्या हातून मुलखाची वाटणी करवली, खेळ आपोआप चालेल असा लावला, आणि खोलीला बाहेरून कडी घातली. "रातभर तिकडं कोणी जायाचं नाही," असं बायकोला बजावून ते झोपायला गेले.

सकाळी मी जास्वंदीची फुलं तोडत होते. सर चहा न घेताच भिंतीशी आले. डोळे तारवटलेले.

"बाई, निख्यानं गजूले मारलं."

क्षणभर मला ते खरंच वाटलं. मग सगळं कळलं आणि मी संतापले. "सर, खेळ आहे तो!"

"विडा हालला, बाई," ते म्हणाले.

वाटणी त्या वर्षी झाली नाही. पुढच्या अखजीला सरांनी पुन्हा घट मांडला. या खेपेला गजाननने निखिलला तळघरात कोंडून उपाशी मारलं. त्याच्या पुढच्या वर्षी दोघेही गेले, आणि लोणारच्या गढीत कुठलासा परका घोडेस्वार येऊन बसला. मी म्हटलं, "सर, मुंगीनं दाणा हलवला असेल." त्यांना त्यांचं वाक्य आठवत होतं. ते शांतपणे म्हणाले, "मुंगी एकदा हालवन. दर साली तोच दाणा कसा हालते?"

मीही हट्टाला पेटले. "तो खेळच मारामारीचा आहे, सर. मला एक सांगा, त्या खेळात दोन भावांना एका ताटात जेवायची सोय आहे का?"

सर विचारात पडले. खरोखर पडले, त्यांच्या कपाळावर परीक्षेचा पेपर काढताना पडायची तशी आठी पडली. मला वाटलं, जिंकले! मग ते हळूच म्हणाले, "नाही. तसं बटनच नाही." आणि पुढच्याच दमात, "म्हून तर भेव वाटते."

त्यानंतर सरांनी राजाचं डोकं चालवायला सुरुवात केली. दोन भाऊ एका दरबारात ठेवू नयेत, हे ते खेळात शिकले होते. पोळ्याला गजाननला बोलवायचं, दिवाळीला निखिलला. निखिल येणार म्हटलं की गजाननला पेरणीचं, फवारणीचं, नाहीतर रानडुकरांपासून राखणीचं काम सांगायचं. निखिलने पुण्याहून मिठाई आणली की डबा आधी सर हातात घेत. सुमनताई एकदा भिंतीशी येऊन रडल्या. "ताई, काय करू हो? लेकानं आणलेली बर्फी हे आधी मांजरीपुढं टाकते. मग दारात उभं राहून त्या मांजरीकडं पाह्यत राह्यते."

त्यांच्याशी वाद घालून थकल्यावर एकदा मी तावातावाने जाऊन कॉम्प्युटरची वायर उपसली. सर रागावले नाहीत. त्यांनी ती पुन्हा लावली. पडदा उजळला, आणि ठाणेदार जिथे होता तिथेच उभा होता. "वायर काढल्यानं राज्य थांबत नाही, बाई," ते म्हणाले. त्यांचा स्वर इतका मायेचा होता की माझ्या अंगावर काटा आला.

पण खरा घात निराळाच झाला. एका दुपारी गजानन शेतातून तडक माझ्याकडे आला. मी त्याला सातवीत शिकवलेलं, त्यामुळे माझ्यापुढे तो अजून खुर्चीच्या टोकावरच बसतो. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "बाई, निख्या माह्याविषयी बाबाजवळ काही सांगते काय?"

"काऊन रे?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघालं.

"बाबा म्हणे, भावाच्या हातचं खाताना पाहून खाय. काऊन म्हणलं असन?"

मी त्याला खेळाचं सगळं सांगितलं. उदबत्ती, कडी, घट, सगळं. तो हसला. मलाही बरं वाटलं. मग दारात चपला घालता घालता थांबला आणि म्हणाला, "पण बाई, बाबा पुराव्याबिगर बोलत नाही कधी." पुढच्याच महिन्यात पुण्याहून निखिलचा फोन आला. त्याला बापाने तीच ताकीद दिली होती, गजाननबद्दल. मी खेळाचं सांगितल्यावर तोही हसला, आणि त्यानेही फोन ठेवताना पुराव्याचीच गोष्ट काढली. उभ्या हयातीत सर कधी ऐकीव गोष्टीवर बोलले नव्हते. त्या सचोटीचं फळ असं निघालं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पोरांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या दिवशी मी भिंतीशी उभी राहून सरांना नको नको ते बोलले. "मुलांच्या मनात विष कालवताय तुम्ही," असंही म्हटलं. 

"जहर मी नाही देत, बाई. मी त्यायले जित्ते ठेवून राह्यलो. माहा बाप वाटणी करून मोकळा झाला, न मी भाऊ गमावला. मले तुम्ही एक सांगा, माह्या भावाच्या मयतीले मी परक्यासारखा उभा होतो, तवा तुमचं ते ताट कुठी होतं?"

 या माणसाचा मला किती राग येत होता, आणि किती कीव! पोरांवर त्यांचा जीव होता, म्हणूनच हे चाललं होतं. जीव नसता तर त्यांनी केव्हाच वाटणी करून हात झटकले असते.

श्रावणातल्या एका दुपारी चहाची वेळ टळून गेली तरी भिंतीशी कुणी आलं नाही, म्हणून मीच गेले. सुमनताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. "बसले आहे आत, खेळून राह्यले," त्या म्हणाल्या. "एक चहा गार करून ठेवला, आता दुसरा नेऊन देला." मी खोलीत पाऊल टाकलं. सर खुर्चीत टेकून बसले होते, दोन्ही हात मांडीवर. दुसरा चहाही गार झाला होता. समोर लोणारच्या गढीवर वर्षांमागून वर्षं आपोआप सरत होती. ऋतू पालटत होते, कुठे तरी दूरच्या देशात राजे मरत होते. पडद्यावरचा माधवराव तेजनकर अजून जिवंत होता.

गजानन सुलतानपूरहून आला, निखिल पुण्याहून. किती तरी सणांनंतर दोघे भाऊ त्या घरात एका वेळी उभे होते. खांदा दोघांनी दिला. अंत्यविधी उरकून, आंघोळी करून सगळे परत आले. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर करून न्यायची असते, तशी मी नेली. सुमनताई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी जुन्या आठवणीने एकच मोठं ताट घेतलं आणि दोघांच्या मध्ये ठेवलं.

"बाई, येगळं ताट द्या," गजानन म्हणाला. निखिलनेही त्याच वेळी दुसऱ्या ताटासाठी हात पुढे केला होता.

मी दोन ताटं वाढायला घेतली. पण हातांना मनातलं कुठे ठाऊक असतं? गजाननने सवयीने दोघांच्याही ताटांत भाकर कुस्करली. निखिलने सवयीने पातेलं ओढून दोघांच्याही भाकरीवर पिठलं ओतलं. आणि मग दोघांचेही हात थांबले. गजानन आपल्या ताटाकडे पाहत राहिला, निखिल आपल्या. कुणीच घास उचलेना. आधी दुसऱ्याने खावं म्हणून दोघे थांबले होते, आणि तसे थांबलो आहोत हे दोघांनाही कळलं होतं. निखिलची मान खाली गेली. गजाननच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

पिठलं माझ्या हातचं होतं. पण कुणी विचारलंच नव्हतं, तर सांगणार कसं? सर, तुमच्या खेळातले भाऊ बदलत नव्हते. घरातले बदलले, आणि ते तुम्ही बदलले.

मागून बांगड्या उतरवलेला एक हात पुढे आला. सुमनताई केव्हा उठून आल्या ते कळलंच नाही. त्यांनी गजाननच्या ताटातला एक घास उचलला आणि तोंडात घातला. मग निखिलच्या ताटातला. त्या दिवशी कुठल्या बाईला घास उतरतो? पण त्यांनी दोन्ही घास नीट चावले आणि गिळले.

"जेवा आता," त्या म्हणाल्या.

दोघांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिले. मग जेवायला लागले.